ऑगस्टची करपलेली हिरवळ आणि सप्टेंबरची पेरणी

महाराष्ट्रात श्रावणसरींनी माळरानेसुद्धा हिरवीगार झालेली असतात, त्याच दिवसांत अमेरिकेच्या ईशान्य भागातील न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेक्टिकट या राज्यांतील घरांपुढची हिरवळ पिवळी पडू लागते. जुलैअखेर तिचा रंग फिकटतो आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत तिच्यावरून चालताना वाळलेल्या काडासारखा आवाज येऊ लागतो. पुण्या-मुंबईहून मुलाकडे किंवा मुलीकडे उन्हाळा काढायला गेलेल्या आई-वडिलांना हे दृश्य पाहवत नाही. मग संध्याकाळी हाती पाण्याची नळी घेतली जाते आणि घरात चर्चा सुरू होते, की हे गवत मेले आहे की काय? पाणी घालावे की घालू नये? नवे बी टाकायचे, तर ते आत्ताच की पुढच्या वसंतात?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या गवताच्या स्वभावात दडलेली आहेत. म्हणून आधी गवताची ओळख करून घेऊ.

थंडीचे गवत आणि उन्हाचे गवत

हिरवळीसाठी वापरल्या जाणाऱ्या गवतांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिला गट थंड हवेत वाढणारा. केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू, पेरेनियल रायग्रास ही त्यातील प्रमुख नावे. अमेरिकेच्या उत्तर भागातील बहुतेक हिरवळी या गवतांच्या आहेत. दुसरा गट उन्हात फोफावणारा. बर्म्युडा ग्रास, झॉयशिया, सेंट ऑगस्टीन ही गवते दक्षिणेकडील राज्यांत दिसतात. यातले बर्म्युडा ग्रास म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपली हरळी, गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा. शास्त्रीय नावही एकच आहे, सायनोडॉन डॅक्टिलॉन. न्यू जर्सीतील मराठी घरांत गणेशोत्सव येतो तो नेमका या हिरवळीच्या पेरणीच्या हंगामात. दाराबाहेर हजारो चौरस फूट गवत असूनही पूजेला दूर्वा मिळत नाहीत याचे कारण एवढेच, की ते गवत निराळ्या गटातले आहे. एखाद्या कोपऱ्यात हरळी उगवलीच, तर तिथला माळी ती तण म्हणून उपटून टाकतो.

या दोन गटांतील फरक दिसण्यापुरता नाही. तो अन्न तयार करण्याच्या पद्धतीतच आहे. थंडीतली गवते गहू आणि भाताप्रमाणे ज्या मार्गाने प्रकाशसंश्लेषण करतात, त्याला सी-३ म्हणतात. या मार्गात हवेतील कार्बन डायऑक्साइड पकडणारे विकर तापमान वाढले की चुकून प्राणवायूही पकडू लागते आणि झाडाने कमावलेल्या ऊर्जेचा बराच भाग वाया जातो. ऊस, मका, ज्वारी आणि हरळी यांनी या अडचणीवर तोड काढली आहे. ती कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करून, घट्ट करून, मग त्या विकराच्या हवाली करतात. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ साली उसाच्या पानांवर केलेल्या कामातून हा मार्ग स्पष्ट झाला आणि त्याला सी-४ असे नाव पडले. थोडक्यात, न्यू जर्सीची हिरवळ ही गव्हाची चुलत बहीण आहे आणि तिला जुलै-ऑगस्टात उसाच्या हवामानात उभे राहावे लागते.

या गवताच्या पात्यांची वाढ १५ ते २४ अंश सेल्सिअसमध्ये उत्तम होते. मुळांना त्याहून थंड, १० ते १८ अंशांची माती लागते. म्हणजे एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिचे खरे दिवस. जुलैत पारा ३० ते ३५ अंशांवर जातो, तेव्हा पाणी असले तरी गवत कष्टी असते. मुळे आखडतात, आणि पाऊसही ओढ देऊ लागला की ते पाने सोडून देऊन झोपी जाते.

झोपले की मेले?

ही झोप हा गवताचा बचाव आहे. जमिनीच्या पृष्ठभागालगत, जिथे पाने आणि मुळे एकत्र येतात, तिथे गवताचा गाभा असतो. पाने वाळली तरी हा गाभा जिवंत राहू शकतो. केंटकी ब्लूग्रास या बाबतीत सर्वांत चिवट आहे. चार ते सहा आठवडे पाणी मिळाले नाही, तरी ते पावसाबरोबर पुन्हा फुटते. शिवाय त्याला जमिनीखाली धावणारी खोडे असतात, त्यामुळे लहानसहान रिकाम्या जागा ते आपणहून भरून काढते. टॉल फेस्क्यूचे तसे नाही. त्याची मुळे खोल जातात, म्हणून ते उशिरापर्यंत हिरवे राहते, पण ते ठोंबाठोंबाने वाढते. ठोंब मेला की तिथे खड्डा पडतो आणि तो बी टाकल्याखेरीज भरत नाही. रायग्रासही ठोंबांचेच.

झोप आणि मरण यांतला फरक ओळखण्याची रीत सोपी आहे. वाळलेल्या गवताची मूठ धरून ओढावी. मुळांनी विरोध केला, गाभा पांढरट आणि टणक दिसला, तर गवत झोपले आहे. मूठ सहज हातात आली तर ते मेले. आणि गालिचा उचलावा तसा हिरवळीचा तुकडाच्या तुकडा वर आला, तर दोष अवर्षणाचा नसून हुमणीचा समजावा. आपल्याकडे ऊसकरी शेतकऱ्याला छळणाऱ्या हुमणीचेच हे तिकडचे भाऊबंद. त्यांतील सर्वांत कुप्रसिद्ध म्हणजे जपानी भुंगा. तो अमेरिकेत पहिल्यांदा आढळला तो १९१६ साली न्यू जर्सीतल्याच रिव्हरटन गावी. त्याची मादी उन्हाळ्यात मातीत अंडी घालते आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अळ्या गवताची मुळे कुरतडतात. चौरस फुटाला दहाएक अळ्या निघाल्या, तर त्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय बी टाकणे म्हणजे त्यांना नवे ताट वाढण्यासारखे आहे.

आणखी एक खूण. पिवळ्या हिरवळीत ऑगस्टमध्ये जे ठसठशीत हिरवे पट्टे दिसतात, त्यांनी हरखून जाऊ नये. ते बहुधा क्रॅबग्रास नावाचे तण असते. ते सी-४ गटातले, म्हणून उन्हात मजेत असते. माती १३ अंशांच्या आसपास तापली की वसंतात ते उगवते आणि पहिल्या हिमकडाक्यात मरते. मरताना मातीत हजारो बिया टाकून जाते, एवढेच.

झोपलेल्या गवताला जागे करण्याची घाई करू नये. दोन-तीन आठवड्यांतून एकदा अर्धा इंच पाणी दिले की गाभा तग धरतो. एक दिवस भरपूर पाणी, मग आठवडाभर काहीच नाही, मग पुन्हा नळी, असा प्रकार मात्र घातक. प्रत्येक वेळी गवत साठवलेले अन्न खर्च करून पाने काढते आणि ती पुन्हा जळतात. एक तर नियमित पाणी द्यावे, नाहीतर झोपू द्यावे. आमच्या मते दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे, आणि त्याचे कारण पाण्याच्या हिशेबात आहे.

पाण्याचा हिशेब

हिरवळ हिरवीच ठेवायची, तर तिला उन्हाळ्यात आठवड्याला साधारण एक इंच पाणी लागते असे मानले जाते. एक हजार चौरस फुटांवर एक इंच म्हणजे सुमारे २,३६० लिटर. पाच हजार चौरस फुटांची हिरवळ उपनगरात काही फार मोठी समजली जात नाही. तिला आठवड्याला ११,८०० लिटर, म्हणजे आपल्याकडचा एक मोठा टँकर भरून पाणी लागते. आपल्या जलजीवन मिशनचे उद्दिष्ट ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर असे आहे. त्या मापाने हे पाणी तीस माणसांना आठवडाभर पुरते. तुलना कठोर आहे हे खरे, आणि न्यू जर्सीत वाचवलेले पाणी मराठवाड्यात पोहोचत नाही हेही खरे. पण उन्हाळ्यात धरणाची पातळी उतरते ती तिथेही, आणि तिथल्याच नळांना ते पाणी कमी पडते.

हिरवळीचा हा पसारा केवढा आहे? अमेरिकेतील घरांपुढच्या हिरवळी, उद्याने, गोल्फची मैदाने मिळून सुमारे १ लाख ६० हजार चौरस किलोमीटर क्षेत्र गवताखाली आहे, असा अंदाज २००५ साली नासाच्या शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या माहितीवरून मांडला होता. म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक. पाणी दिल्या जाणाऱ्या पिकांत हे तिथले सर्वांत मोठे पीक, आणि ते कोणी खात नाही.

न्यू जर्सीत वर्षाला साधारण ११५० ते १२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो आपल्यासारखा चार महिन्यांत न कोसळता बाराही महिन्यांत जवळपास सारखा वाटला जातो. मग अवर्षण कुठून येते, असा प्रश्न पुण्याच्या वाचकाला पडेल. पावसाची सरासरी फसवी असते. उन्हाळ्यातला तिथला पाऊस गडगडाटी सरींचा. एका गावात रस्ते तुंबतात आणि पाच मैलांवरच्या गावात थेंबही पडत नाही. त्यातच जुलैच्या उन्हात माती आणि पाने मिळून जेवढे पाणी हवेत सोडतात, तेवढे पावसाने परत येत नाही. दोन-तीन आठवड्यांची उघडीप आणि उष्णतेची लाट एकत्र आली, की माती झपाट्याने कोरडी पडते. अशा अचानक अवतरणाऱ्या अवर्षणाला तिकडे ‘फ्लॅश ड्रॉट’ म्हणतात.

२०२२ च्या उन्हाळ्यात हेच घडले. न्यूअर्क येथे जुलैत सलग पाच दिवस पारा १०० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सिअसवर गेला आणि ऑगस्टमध्ये राज्य सरकारला पाणी जपून वापरण्याचे आवाहन करावे लागले. २००२ साली तर मार्चमध्येच राज्यात अवर्षणाची आणीबाणी जाहीर झाली होती. देशभरातील स्थितीचा नकाशा १९९९ पासून दर गुरुवारी प्रसिद्ध होतो. नेब्रास्का विद्यापीठातील राष्ट्रीय अवर्षण निवारण केंद्र आणि केंद्र सरकारच्या दोन यंत्रणा मिळून तो काढतात. पिवळ्या रंगापासून गडद तांबड्यापर्यंत त्यात पाच पायऱ्या असतात. बी विकत घेण्याआधी हा नकाशा पाहावा.

पश्चिमेकडे प्रश्न याहून बिकट आहे. कॅलिफोर्नियात २०१५ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी शहरांच्या पाणीवापरात २५ टक्के कपातीचा हुकूम काढला आणि पाच कोटी चौरस फूट हिरवळ काढून तिथे कमी पाण्याची झाडे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्याच्या आदल्या वर्षीच, अवर्षणाच्या आणीबाणीत गवत पिवळे पडले म्हणून सोसायटीने रहिवाशाला दंड करू नये, असा कायदा तिथे करावा लागला होता. असे दंड होत होते, हेच त्यावरून कळते. नेवाडाने २०२१ साली त्यापुढचे पाऊल टाकले. नुसत्या शोभेच्या, कोणी पाऊलही न ठेवणाऱ्या गवताला कोलोरॅडो नदीचे पाणी २०२७ पासून देता येणार नाही, असे त्या कायद्याने ठरवले. स्वतंत्र घरांच्या अंगणांना मात्र त्यातून सूट आहे.

पेरणी सप्टेंबरमध्येच का?

आपल्या मनात पेरणी म्हटले की मृगाचा पाऊस येतो. म्हणून नव्याने घर घेतलेला मराठी माणूस बर्फ वितळताच, एप्रिलमध्ये, बियाण्याची पिशवी घेऊन अंगणात उतरतो. गवत उगवतेही छान. पण त्याची मुळे चार बोटे खोल जातात न जातात, तोच जुलै येऊन ठेपतो आणि कोवळे गवत जळते. त्याच वेळी क्रॅबग्रासही उगवत असते, आणि ते उगवू नये म्हणून टाकायचे औषध गवताच्या बियांनाही उगवू देत नाही.

इथे मृगापेक्षा रब्बीचे गणित उपयोगी पडते. गहू आपण ऊन उतरल्यावर पेरतो, कारण उगवणीला मातीत ऊब हवी असते आणि पुढच्या वाढीला थंडी. ऑगस्टअखेर न्यू जर्सीची माती उन्हाळ्याच्या उबेने भरलेली असते, हवा मात्र रात्री गार होऊ लागते. बी लवकर रुजते आणि पुढे रोज थोडी थोडी अनुकूल होत जाणारी हवा त्याला मिळते. तणांचा हंगाम संपत आलेला असतो. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात हिमकडाका पडू लागेपर्यंत सहा-आठ आठवडे हाती असतात आणि त्यानंतर पुन्हा सगळा वसंत. पुढचा जुलै येतो तेव्हा त्या गवताने दोन हंगाम पाहिलेले असतात.

न्यू जर्सीत त्यामुळे १५ ऑगस्ट ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा पेरणीचा काळ धरतात. मिनेसोटासारख्या उत्तरेकडच्या राज्यात तो सप्टेंबरच्या मध्यालाच संपतो. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डेची सुट्टी असते. तो शनिवार-रविवार धरून काम उरकण्याची तिथली रीत हवामानालाही धरून आहे.

बियाण्याची पिशवी वाचावी

तिथल्या दुकानांतील बहुतेक बी ऑरेगन राज्यातल्या विलामेट खोऱ्यातून येते. तिथे हिवाळा ओला आणि उन्हाळा कोरडा असतो, म्हणून जुलैत बी छान वाळते आणि पेरणीच्या वेळेपर्यंत बाजारात पोहोचते. पिशवीवरच्या चित्रापेक्षा मागची छोटी चिठ्ठी महत्त्वाची. त्यावर कोणत्या जातीचे बी किती टक्के, त्याची उगवणशक्ती, तणाच्या बियांचे प्रमाण आणि चाचणीची तारीख छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ‘ॲन्युअल रायग्रास’ हे नाव मोठ्या टक्केवारीने दिसले, तर पिशवी परत फळीवर ठेवावी. ते आठवड्यात उगवून मालकाला खूश करते आणि वर्षभरात मरून जाते.

या बियांना इतिहासही आहे. ‘केंटकी-३१’ हे टॉल फेस्क्यू १९३१ साली केंटकीतल्या एका डोंगराळ शेतावर आढळले आणि १९४३ मध्ये बाजारात आले. गुरांच्या कुरणासाठी गाजलेले ते जाडेभरडे गवत आजही स्वस्त पिशव्यांत असते. न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात रीड फंक यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये टिकून राहिलेल्या रोपांपासून पेरेनियल रायग्रासचे ‘मॅनहॅटन’ हे वाण विकसित केले. ते १९६७ साली प्रसारित झाले आणि बारीक, दाट रायग्रासचे युग तिथून सुरू झाले. केंटकी ब्लूग्रास मात्र नावापुरतेच केंटकीचे. ते युरोपातून आले.

उगवणीचा काळ जातीनुसार बदलतो. रायग्रास पाच ते दहा दिवसांत, फेस्क्यू एक-दोन आठवड्यांत, तर ब्लूग्रास दोन ते चार आठवडे घेते. मिश्रण टाकले असेल, तर दहाव्या दिवशी दिसणारी हिरवी झाक रायग्रासची असते. ती पाहून पाणी बंद केले की ब्लूग्रास मातीतच मरते. अवर्षणाचा विचार केला, तर नव्या पेरणीसाठी सुधारित टॉल फेस्क्यूवर भर द्यावा आणि त्यात थोडे ब्लूग्रास मिसळावे, असे आम्ही सुचवू.

जुन्या हिरवळीवर बी टाकायचे, तर हजार चौरस फुटांना फेस्क्यूचे दीड ते दोन किलो बी पुरते. ब्लूग्रासचे अर्धा किलोच पुरे, कारण त्याचे बी अतिशय बारीक असते. फेस्क्यूच्या एका किलोत सुमारे पाच लाख बिया असतात, ब्लूग्रासच्या किलोत वीस लाखांहून अधिक. हात सैल सोडून दुप्पट बी टाकल्याने हिरवळ दुप्पट दाट होत नाही. रोपे एकमेकांचे पाणी पितात आणि बुरशीला बळी पडतात.

बी पेरण्यापेक्षा ते मातीला टेकवणे महत्त्वाचे. वाळक्या गवतावर भुरभुरलेले बी चिमण्यांच्या कामी येते. आधी गवत नेहमीपेक्षा आखूड कापावे, वाळलेला थर दाताळ्याने ओढून काढावा आणि घट्ट झालेल्या जमिनीतून मातीच्या छोट्या गुंडाळ्या उपसणारे यंत्र फिरवावे. हे यंत्र तिथे दिवसाच्या भाड्याने मिळते, शेजारी-शेजारी मिळून घेतात. अवर्षणाने दगडासारख्या झालेल्या जमिनीत मात्र ते शिरत नाही. आदल्या दोन-तीन दिवसांत एकदा खोल पाणी द्यावे लागते. बी पाव इंचाहून खोल जाऊ नये. वरून कंपोस्टचा पातळ थर किंवा गव्हाचे स्वच्छ काड पसरले की ओल टिकते.

त्यानंतरचे तीन आठवडे निर्णायक. बी एकदा पाणी पिऊन फुगले की त्याची परतीची वाट बंद होते. अंकुर निघताना माती एक दिवस जरी पूर्ण कोरडी पडली, तरी तो मरतो. म्हणून दिवसातून दोन-तीनदा, मातीचा वरचा अर्धा इंच ओलसर राहील इतकेच हलके पाणी शिंपडावे लागते. रोपे दोन इंचांची झाली की पाळ्या कमी करून पाणी खोल द्यावे.

आणि पाणीच नसेल तर?

२०२४ च्या शरदाने हा प्रश्न अनेकांपुढे उभा केला. सप्टेंबर कोरडा गेला आणि ऑक्टोबर तर १८९५ पासूनच्या नोंदींतला न्यू जर्सीचा सर्वांत कोरडा महिना ठरला. शेजारच्या फिलाडेल्फियात सलग ४२ दिवस मोजण्याजोगा पाऊस पडला नाही. रानांना वणवे लागले आणि १३ नोव्हेंबरला राज्याने अवर्षणाचा इशारा जारी केला. ज्यांनी लेबर डेला बी टाकले होते, त्यांच्यापुढे पाणी घालत राहणे किंवा पेरणी सोडून देणे एवढेच उरले. दुबार पेरणीचे संकट ज्याने घरच्या शेतावर पाहिले आहे, त्याला हा पेच समजावून सांगावा लागत नाही. फरक इतकाच, की इथे कोणाचे पोट त्यावर अवलंबून नसते. म्हणूनच इथे माघार घेणे सोपे असायला हवे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला नकाशा तांबूस असेल आणि गावाने पाणीबंदीची सूचना काढली असेल, तर सगळे अंगण पेरू नये. ब्लूग्रासची हिरवळ असेल, तर ती पावसाबरोबर आपोआप सावरते. केवळ मेलेले ठिगळ पेरावेत, तेवढ्यांना झारीनेही पाणी पुरवता येते. किंवा थेट नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबावे. माती चार-पाच अंशांच्या खाली गेल्यावर टाकलेले बी रुजत नाही, बर्फाखाली पडून राहते आणि वसंतात मातीला ऊब येताच उगवते. यात काही बी वाया जाते आणि क्रॅबग्रासशी सामना टळत नाही, पण एक थेंबही पाणी द्यावे लागत नाही.

पेरणी साधली असेल, तर पुढची कामे थोडीच. गवत साडेतीन-चार इंचांचे झाले की धारदार पात्याने पहिली कापणी करावी, आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये. पुढेही तीन इंचांखाली आणू नये. उंच गवत स्वतःच्या मुळांवर सावली धरते. खताबाबत न्यू जर्सीचा २०११ चा कायदा ध्यानात ठेवावा. खाड्यांत खते वाहून जाऊ नयेत म्हणून घरमालकांना १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात हिरवळीला खत घालण्यास मनाई आहे. स्फुरदयुक्त खतही एरवी माती-परीक्षणाशिवाय चालत नाही, नव्या पेरणीला मात्र त्यातून सवलत आहे. ऑक्टोबरमध्ये मेपल आणि ओकची पाने गळू लागली की ती दोन-चार दिवसांनी हलक्या हाताने गोळा करावीत. ओल्या पानांच्या थराखाली महिन्याभराचे कोवळे गवत आठवड्यात कुजते.